किनारा बघायचा की किनाऱ्यावर राहायचं?

मे महिन्यात मित्रमंडळींनी गाडी काढून कोकणात उतरायचं ठरवलं की एक वाद हमखास होतो. निघण्याआधी होतो, वाटेत होतो, मुक्कामाला पोचल्यावर पुन्हा उकरून काढला जातो. समुद्रकिनारा हा प्रवासातला एक थांबा, की सगळा प्रवास त्या किनाऱ्यासाठी? आमच्यात या वादाच्या एका टोकाला अण्णा असतो आणि दुसऱ्या टोकाला मी. अण्णा हे त्याचं कॉलेजात पडलेलं नाव, वयाने तो आमच्याच बरोबरीचा. गाडी त्याची, चालवतोही तोच, तेव्हा बेत आखायचा पहिला मान त्याचा हे आम्ही सगळ्यांनी मानलेलं आहे. एका उन्हाळ्यात आंजर्ल्याला एका घरी उतरलो असताना पडवीत आमचं जे बोलणं झालं, ते लिहिते आहे. त्यात अण्णाची बाजू दुबळी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

त्याचा बेत असा होता : पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत घालून सावित्रीची खाडी ओलांडायची आणि वेश्वीला उतरायचं. मग वेळास, केळशी, आंजर्लं, हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर करत दाभोळ. तिथे दुसरी फेरी, वाशिष्ठीपलीकडे धोपावे. गुहागर, हेदवी, तवसाळ. तिसऱ्या फेरीने जयगड, आणि गणपतीपुळे, आरे-वारे करत रत्नागिरी. प्रत्येक किनाऱ्यावर तास-दोन तास.

"एवढे किनारे एका दमात बघून काय होणार?" मी विचारलं.

"एका किनाऱ्यावर बसून कोकणची किनारपट्टी कळत नाही," तो म्हणाला. "तू केळशीला चार दिवस राहा. तुला केळशी कळेल. पण केळशीहून आंजर्ल्याला येताना रस्ता डोंगर चढतो, सड्यावर येतो, एका वळणावर खाली अख्खा समुद्र दिसतो आणि पुन्हा सुपारीच्या बागांत उतरतो, हे तुला चालत्या गाडीतूनच दिसेल. खाडी, डोंगर, पुळण. परत खाडी, डोंगर, पुळण. या जागेचा आकारच तसा आहे. फेरीत गाडी उभी करून खाडी ओलांडताना कळतं की पलीकडचं गाव डोळ्यांसमोर असून आपल्या आजोबा-पणजोबांना किती लांब होतं. आणि हे फार दिवस राहणार नाही. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचे पूल या खाड्यांवर होऊ घातलेत. ते झाले की फेरीत कोण गाडी घालणार? आत्ता बघून घेऊ."

या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. खाड्यांनी तोडलेली ही किनारपट्टी सलग गेल्याशिवाय समजत नाही, हे खरंच आहे. माझं भांडण दुसऱ्या गोष्टीशी होतं, ते 'तास-दोन तास' या हिशेबाशी.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते. सामान आत टाकून मंडळी थेट पाण्याकडे निघाली. घरमालक काका अंगणात आंबे निवडत होते. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "आज तिथी काय?" आमच्यातल्या कुणालाच सांगता येईना. त्यांनीच सांगितलं, वद्य पंचमी. "पाचाचे पाऊणपट पावणेचार. म्हणजे भरती होऊन गेली, आता ओहोटी लागली. घरासमोर उतरा, गुडघाभर पाण्यात खेळा. खाडीच्या तोंडाकडे कुणी जाऊ नका."

हा पाऊणपटीचा हिशेब किनाऱ्यावरच्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. दिवसात भरत्या दोन, ओहोट्याही दोन, मध्ये सहा-सव्वासहा तासांचं अंतर, आणि रोज सगळं सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाला पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. हे सगळं आता मोबाइलवर बघता येतं. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था भरतीच्या आणि लाटांच्या वेळा-उंची जाहीर करते. पण गाडीने निघालेल्यांपैकी फार थोडे लोक ते बघतात. आम्ही घाटातली गर्दी बघतो, पेट्रोल पंप बघतो, जेवायला कुठे थांबायचं ते बघतो. ज्याच्यासाठी निघालो त्या समुद्राची वेळ तेवढी बघायची राहते.

रात्री पडवीत मी अण्णाला हेच विचारलं. "आपण चारला आलो तेव्हा पुळण केवढी होती? सुरूच्या झाडांपासून पाणी अगदी जवळ. तुझ्या बेताप्रमाणे सहाला निघालो असतो, तर आंजर्ल्याचा किनारा अरुंद आहे असं मनात घेऊन गेलो असतो. जेवण झाल्यावर दहाला गेलो तेव्हा काय दिसलं? पाणी कुठे गेलं ते शोधावं लागलं. ओली वाळू लांबवर पसरली होती, पाय उमटत नव्हता एवढी घट्ट, वर चंद्र नाही, आकाश चांदण्यांनी भरलेलं. दोन्ही वेळा जागा तीच. त्यातली एक बघून किनारा बघितला म्हणायचं?"

"मग रोज एकच किनारा बघायचा? सुट्टी संपेल."

"रोज एक किनारा असं नाही म्हणत. जिथे थांबू तिथे एक पूर्ण भरती आणि एक पूर्ण ओहोटी बघू. म्हणजे एक रात्र मुक्काम. त्यात जेवढे किनारे बसतील तेवढे बसतील."

"त्यात तीनच बसतील."

"तीन बसू देत."

अण्णा थोडा वेळ गप्प बसला आणि मग तो जे बोलला ते मला अपेक्षित नव्हतं. "तुला वाटतंय मी किनारे मोजतोय. मी माणसं मोजतोय. आपल्या सगळ्यांच्या रजा एकाच वेळी किती वर्षांनी जुळल्यात ते आठव. आपलं बोलणं कुठे होतं? किनाऱ्यावर आल्यावर एक जण फोटो काढत लांब जातो, एक पाण्यात, एक शहाळ्याच्या टपरीवर, तू एकटी चालत सुटतेस. संध्याकाळभर आपण एकमेकांशी चार वाक्यं बोललो नाही. गाडीत मात्र दारं बंद, कुणाला कुठे जायला नाही, रेंज नाही. आज मंडणगडच्या घाटात आपला मित्र त्याच्या वडिलांच्या आजारपणाबद्दल बोलला, ते तो समुद्रासमोर बसून बोलला असता असं तुला वाटतं? मला गाडी चालू ठेवायची आहे ती त्याच्यासाठी."

हे ऐकल्यावर मला त्याच्या बेताचा राग राहिला नाही. खरंच त्या घाटात, बाहेर करवंदांच्या जाळ्या मागे पडत असताना, आमचा तो मित्र खिडकीबाहेर बघत सलग अर्धा तास बोलला होता. मध्ये कुणी प्रश्न विचारला नाही. गाडीत माणूस समोरच्याच्या डोळ्यांत न बघता बोलू शकतो, त्यामुळे काही गोष्टी तिथेच निघतात. अण्णाने हे हेरलं होतं आणि मी हेरलं नव्हतं.

तरी मी म्हटलं, "चालत्या गाडीचं तुझं म्हणणं मला पटलं. पण म्हणून किनाऱ्याला दोन तासच द्यायचे, हे त्यातून निघत नाही. उलट गाडीतले तास खूप आहेत म्हणून किनाऱ्यावर घाई नको. दोन तासांत आलेला माणूस काय करतो बघ. त्याला भरती-ओहोटी माहीत नसते, वेळ थोडा असतो, आणि पाण्यात तर शिरायचंच असतं. मग तो जे दिसेल त्या पाण्यात शिरतो."

काका बाजूलाच बसून सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "जिथं लाट फुटते तिथं माणसाला भीती वाटते. दोन फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये एखादा पट्टा गप्प दिसतो, पाणी जरा गढूळ असतं. नवखा माणूस नेमका तिथं जातो. ओढ तिथंच असते." लाटांनी किनाऱ्यावर लोटलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूतल्या एखाद्या खोलगट पट्ट्यातून जोराने आत जातं. ती वाट बाहेरून शांत दिसते. त्यात सापडलेला माणूस किनाऱ्याकडे सरळ पोहायला जातो, दमतो आणि बुडतो. ओढीशी झगडायचं नाही, तरंगत राहायचं, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाजूला निघायचं आणि मग लाटांबरोबर बाहेर यायचं, एवढं जरी प्रत्येक सहलीच्या गाडीत एकाला माहीत असलं तरी जीव वाचतील. ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी धोका आणखी वाढतो, कारण तिथे अख्ख्या खाडीचं पाणी बाहेर पडत असतं. २०१६ च्या फेब्रुवारीत रायगडातल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेली कॉलेजची मुलं-मुली बुडाली, तेव्हा आपण सगळे हळहळलो होतो. तो तर फेब्रुवारी होता. मे महिना संपत आला की वारा बदलतो, लाटा मोठ्या होतात, आणि आपल्या सुट्ट्या नेमक्या त्याच दिवसांत पडतात.

"हे मान्य," अण्णा म्हणाला. "पाण्याच्या बाबतीत काका सांगतील ते शेवटचं."

पण वाळूच्या बाबतीत त्याने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला गाडी पुळणीवर उतरवायची होती. ओली वाळू घट्ट आहे, चारचाकी सहज जाते, पाण्याच्या कडेने गाडी पळवायची मजा आयुष्यात एकदा तरी घ्यावी, असं त्याचं म्हणणं. "हर्णैला बैलगाड्या थेट पाण्यात जातात, टेम्पो वाळूवर उभे असतात. त्यांना चालतं ते आपल्याला का नाही?"

यावर मात्र मला एक पाऊलही मागे घ्यायचं नव्हतं. हर्णैचा गाडीवान मासळी आणायला जातो, त्याला वाळू कुठे बसकी आणि कुठे टणक हे ठाऊक असतं, आणि पाणी कधी चढणार तेही. आपण मजेसाठी जाणार. कोरड्या वाळूत चाक रुतलं की जितका ॲक्सिलरेटर दाबावा तितकं ते खाली जातं. मागून भरती येते. दर उन्हाळ्यात कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर गाडी रुतल्याच्या बातम्या येतात, आणि ती ओढून काढायला गावातली माणसं हातातलं काम टाकून ट्रॅक्टर घेऊन धावतात. ठिकठिकाणी गाड्या नेऊ नका अशा पाट्या आहेत, त्या उगाच नाहीत.

त्याला बोलून पटेना, तेव्हा मी त्याला सकाळी चालत पुळणीवर नेलं. पाणी उतरत होतं. ओल्या वाळूवर जिथवर नजर जाईल तिथवर साबुदाण्याएवढ्या गोळ्या पसरल्या होत्या. जवळ वाकून बघितलं तर प्रत्येक नक्षीच्या मध्यभागी एक बारीक भोक, आणि भोकापासून निघालेल्या ओळींत त्या गोळ्या मांडलेल्या. आम्ही न हलता बसून राहिलो. थोड्या वेळाने एका भोकातून नखाएवढा, वाळूच्याच रंगाचा खेकडा बाहेर आला. त्याने दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडाशी नेली, तिच्यावरचा खाण्याजोगा थर काढून घेतला आणि उरलेल्या वाळूची गोळी करून पायांनी मागे ढकलली. पुढे सरकला, पुन्हा तेच. जरा सावली पडली की आत. दुपारनंतर भरती येईल आणि हे सगळं पुसून जाईल. पुढच्या ओहोटीला तो पुन्हा पहिल्या गोळीपासून सुरुवात करील.

"आणि याच वाळूत कासवं अंडी घालतात," मी म्हटलं. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन २००२ पासून ही घरटी राखायला सुरुवात केली. आंजर्ल्यालाही ते काम होतं. कुंपणाच्या आत अंडी सांभाळून पिल्लं समुद्रात सोडतात. जे घरटं नजरेतून सुटतं, त्याच्यावरून चाक गेलं तर वाळू दाबली जाते. बाहेर आलेलं पिल्लू चाकोरीत पडलं तर त्याला ती चढून जाता येत नाही.

अण्णा अजून त्या भोकाकडेच बघत होता. गाडीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

एक मुद्दा मी आधी मांडायला हवा होता, पण तो आमच्या बोलण्यात उशिरा आला, म्हणून इथेही उशिरा येतो आहे. बायकांसाठी दोन तासांचा किनारा जवळजवळ अर्धाच असतो. ओले कपडे बदलायला जागा नाही, स्वच्छतागृह असलंच तर कुलूपबंद किंवा आत पाय ठेवता येणार नाही असं. पुरुष झाडाआड कपडे बदलून मोकळे होतात. आम्ही मग पाण्यात शिरतच नाही, किंवा ओल्याच कपड्यांनी गाडीत बसून पुढच्या गावापर्यंत कुडकुडत जातो. मुक्कामाचं घर किनाऱ्याला लागून असलं की आम्हीही मनसोक्त भिजू शकतो. हे ऐकल्यावर अण्णा म्हणाला, "इतक्या वर्षांत हे तुमच्यापैकी कुणी बोललं का नाही?" त्याच्या या प्रश्नाने आमच्यातल्या दुसऱ्या मैत्रिणीला बोलतं केलं, आणि पुढचा तासभर ती बोलत होती. गाडी त्या वेळी अंगणात उभी होती. दारं बंद नसतानाही माणसं बोलतात, हे मी त्याला तेव्हाच ऐकवलं.

पैशाबद्दलही आमचं जुळलं नाही. अण्णा म्हणतो, गावोगाव थांबलं तर पैसा गावोगाव पोचतो. इथे सरबत, तिथे जेवण, पुढे आंबापोळी. मला हे निम्मंच खरं वाटतं. काकांकडे ३ जून २०२० ची गोष्ट निघाली. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर आलं आणि रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंतच्या नारळी-पोफळी काही तासांत आडव्या करून गेलं. काकांच्या आजोबांनी लावलेली बाग त्यात गेली. पोफळ नव्याने लावली तर उत्पन्न सुरू व्हायला पाच-सात वर्षं जातात, नारळाचंही तसंच. मधली वर्षं या घराने पाहुण्यांच्या खोल्यांवर काढली. काकू पहाटे उठून घावन घालत होत्या, काका पाहुण्यांना कड्यावरच्या गणपतीची वाट दाखवत होते, आणि मागे नवी रोपं वाढत होती. सरबताच्या पेल्याने हे घर उभं राहिलं नसतं. रात्रीच्या मुक्कामाने राहिलं.

"पण सगळेच मुक्कामाला आले तर?" अण्णाने विचारलं. "इतक्या लोकांचं सांडपाणी, कचरा, विहिरीचं पाणी? मे महिन्यात इथल्या विहिरी तळाला जातात. दोन तास थांबून जाणारा निदान गावाचं पाणी तरी उपसत नाही." हा त्याचा मुद्दा खरा होता, आणि काकांनीही मान हलवली. विहिरीवर पंप लावायच्या आधी हल्ली ते आत डोकावून बघतात. मी त्या दिवसापासून बादलीत आंघोळ केली, बाकीच्यांनीही केली. प्रश्न त्याने सुटत नाही हे मला कळतं. किनाऱ्यावर किती खोल्या व्हाव्यात हे गावांना कधीतरी बसून ठरवावं लागेल.

संध्याकाळी आम्ही पूल ओलांडून हर्णैच्या बंदरावर गेलो. अण्णाच्या बेतात ते होतंच, फक्त एक दिवस आधी आणि अर्ध्या तासासाठी. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. होड्या बाहेर थांबलेल्या आणि बैलगाड्या चाकं बुडतील एवढ्या आत जाऊन पाट्या भरून आणत होत्या. वाळूवर ढीग पडत होते : बांगडा, कोळंबी, मधूनच एखादी मोठी सुरमई. प्रत्येक ढिगाभोवती कोंडाळं, बोली भराभर चढते, आकडा थांबला की कोळिणी पाटीवर हात ठेवतात आणि पुढच्या ढिगाकडे जातात. नवख्याला बोली समजेपर्यंत माल विकला गेलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या ढिगापासून अण्णाला ती कळायला लागली आणि तो हरखून गेला. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना त्याने विचारलं, "मावशी, हे कधीपर्यंत चालणार?" त्या म्हणाल्या, "एक तारखेपर्यंत. मग दोन महिने बंदी." १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. काही होड्या आत्ताच वर ओढून झाकायला घेतल्या होत्या. आम्ही अंधार पडेपर्यंत तिथेच होतो. कुणीही घड्याळ बघितलं नाही, अण्णानेही नाही.

रात्री बेताची फेरआखणी झाली. मुरूड, कर्दे, लाडघर रस्त्यावरूनच बघायचं ठरलं. दाभोळची फेरी कायम राहिली, तवसाळचीही. त्या दोन्ही मीच आग्रहाने ठेवल्या. गुहागरला रात्रीचा मुक्काम. आरे-वारे आणि रत्नागिरी गळाली.

"आरे-वारेचा तो रस्ता तू मला सोडायला लावलास," अण्णा म्हणाला. "डोंगराच्या कडेवरून खाली दोन पुळणी एकदम दिसतात. ते मुक्कामाने दिसत नाही, गाडीतूनच दिसतं. हे मी विसरणार नाही."

"विसरू नकोस. पण पुढच्या वेळी तिथे रात्री राहू."

"राहू. पण त्याच्या आधी हरिहरेश्वरपासून गाडीनेच यायचं, मधली एकही खाडी न वगळता."

एवढ्यावर काही आमचं मिटलेलं नाही. वेंगुर्ल्यापासून खाली गोव्यापर्यंतच्या बेतावर सध्या आमचे निरोप चालू आहेत. त्याच्या यादीत पुन्हा दहा नावं आहेत, माझ्या यादीत दोन, आणि या वेळी प्रत्येक नावापुढे त्याने तिथी लिहून पाठवली आहे.